उंदीर जगले म्हणून गुळवेल कितीही प्यायची?

गुळवेलीचा अर्क प्रयोगशाळेत रॅट जातीच्या उंदरांना वजनाच्या दर किलोमागे २००० मिलिग्रॅम दिला आणि एकही मेला नाही. सबब ६० किलोच्या माणसाने रोज १२० ग्रॅम घेतली तरी चालते, नैसर्गिक असल्याने अपाय शक्यच नाही आणि साखरेची गोळीही सोडता येते, असा संदेश सध्या जळगाव-धुळ्याकडच्या व्हॉट्सॲप गटांत फिरतो आहे. चोपड्याच्या माझ्या आत्यांनी तो वाचून गोळी बंद केली, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

उंदीर मेले नाहीत, हे मानायला माझी हरकत नाही. पुष्कळ वनस्पतींच्या अर्कांबाबत असेच आढळते. परंतु अशी चाचणी बहुधा ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या ज्या ४२३ क्रमांकाच्या मार्गदर्शिकेनुसार होते, तिच्यात एका टप्प्याला तीन उंदरांना एकदाच मात्रा देऊन १४ दिवस निरीक्षण करतात. एकदाच! रोज पेलाभर काढा पिणाऱ्याला त्यातून काय कळणार? त्यासाठी २८ किंवा ९० दिवस रोज मात्रा देऊन रक्त, यकृत, मूत्रपिंडे तपासणाऱ्या वेगळ्या चाचण्या आहेत, आणि संदेशात त्यांचा उल्लेखही नाही.

१२० ग्रॅमचा हिशेब तर कहरच आहे. लहान प्राण्याचा चयापचय वेगवान असल्याने उंदराची मात्रा माणसाच्या वजनाने थेट गुणत नाहीत. शरीराच्या पृष्ठफळाच्या आधारे ती आधी ६.२ ने भागतात. म्हणजे १२० चे जेमतेम १९ ग्रॅम होतात, आणि सुरक्षेसाठी पुन्हा दहाने भागले की दोन ग्रॅमही उरत नाहीत. शिवाय हे गणित अपाय न दिसलेल्या मात्रेला लावायचे असते, नुसत्या ‘मेला नाही’ या पुराव्याला नव्हे.

मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. शरीराची प्रतिकारशक्तीच यकृतावर उलटावी तसे त्या इजेचे स्वरूप होते, आणि मोजक्या निरोगी उंदरांत असे काही दिसण्याची अपेक्षाच चुकीची आहे. ती गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी वेल असू शकेल, असा आक्षेप आयुष मंत्रालयाने घेतला, आणि तो अगदीच गैर नाही. पण मग कडुनिंबावरून तोडून आणलेल्या वेलीला तरी प्रयोगशाळेतील अर्काचा दाखला कसा लागू पडतो?

नैसर्गिक तर बांधावरचा धोतराही आहे. राहिली गोळी: विषारीपणाच्या चाचणीत साखर उतरते की नाही हे पाहिलेच जात नाही, त्यामुळे तिच्या आधारे गोळी सोडायला सांगणे हा निव्वळ खोडसाळपणा आहे.