डिसेंबरातला पंखा

तीन वर्षांपूर्वीचा डिसेंबर. नागपुरात पारा 10 च्या खाली उतरला होता आणि रात्री अडीचला उठून मी पंखा पाचवर लावला. नवऱ्यानं दुलईतून डोकं बाहेर काढलं. "अगं, काय करून राहिली? बरं वाटत नाही का?" माझा गाऊन पाठीला चिकटला होता. मानेवरून घाम ओघळत होता आणि छातीपासून कानापर्यंत आत कोणी चूल पेटवावी तशी धग. पाच-सात मिनिटांत ती ओसरली आणि मग त्याच ओल्या गाऊनमध्ये मला हुडहुडी भरली.

त्या रात्री मला कळलं, ही पाळी जाण्याच्या काळातली धग आहे. आधीचे दोन उन्हाळे कळलंच नव्हतं, कारण आपल्या गावात मे महिन्यात कुणी "मला फार गरम होतंय" म्हटलं तर त्यात विचारण्यासारखं काय असतं? होळी झाली की कूलर बाहेर निघतात, खसच्या ताट्या बदलतात. नवतपा लागला की 45-46 अंशांत सगळं शहरच तापलेलं असतं. मी सीताबर्डीतल्या एका बँकेत काउंटरवर बसते. डोक्यावर एसी चालू असायचा आणि माझा चेहरा एकाएकी लाल व्हायचा. शेजारची म्हणायची, "ताई, ऊन लागलं तुम्हाला. पर्समध्ये कांदा ठेवत जा." मी ठेवला. कैरीचं पन्हं प्याले, सब्जा प्याले. शरीर मला एक गोष्ट सांगत होतं आणि आम्ही सगळ्या मिळून त्याला ऊन म्हणत होतो.

तेव्हा मी 48 वर्षांची होते, आता 51 ची आहे. सलग 12 महिने पाळी आली नाही की पाळी गेली असं धरतात, आणि भारतात बायकांना हे साधारण 46-47 व्या वर्षी होतं. पण त्याआधीची काही वर्षं शरीर डळमळत असतं. इस्ट्रोजेन कधी वर, कधी खाली. मेंदूत शरीराचं तापमान सांभाळणारा जो भाग आहे तो त्यामुळे फार हळवा होतो. जरा कुठे उष्णता वाढली की त्याला वाटतं अंग तापलंय, आणि तो घाम फोडून ते थंड करायला निघतो. त्यातून या झळा. झोप तुटते, चिडचिड होते, सांधे धरतात, धडधडतं, कालच भेटलेल्या माणसाचं नाव आठवत नाही. मला तर कॅश मोजताना आकडा चुकायची भीती वाटू लागली होती. 24 वर्षांत कधी वाटली नव्हती.

पाळीचंही तंत्र बिघडलं होतं. दोन-दोन महिने काही नाही, मग एकदा आली की दहा-बारा दिवस अंगावरून जायचं. ऑफिसात खुर्चीवरून उठताना आधी मागे बघायचं. हिमोग्लोबिन 8.6 वर आलं. ज्या पहिल्या डॉक्टरांकडे गेले त्यांनी सोनोग्राफीचा कागद बघितला आणि दोन मिनिटांत सांगितलं, "लहानशी गाठ आहे. पिशवी काढून टाका, आता तिचं काय काम आहे?"

हे वाक्य मी विसरलेले नाही. तिचं काय काम आहे! दोन मुलं तिनं नऊ-नऊ महिने सांभाळली, हे झालं तिचं काम. आता ती अडगळ. माझ्या ओळखीच्या किती बायकांनी याच वाक्यावर मान हलवून सही केली असेल! 2019 मध्ये बीडच्या ऊसतोड मजूर बायकांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण गाजलं, सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. गरज नसताना होणाऱ्या या ऑपरेशनांबाबत 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं राज्यांना मार्गदर्शक सूचना लागू करायला सांगितल्या. तेव्हा ते वाचून मला वाटलं होतं, तिकडचं आहे, गरीब बायकांचं आहे. तो कागद हातात घेऊन धरमपेठेतल्या दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना माझे पाय कापत होते. पगार, शिक्षण, स्वतःची स्कूटी, सगळं असूनही मी "बरं" म्हणून बाहेर पडले होते.

कधी कधी पिशवी काढावीच लागते, आणि तेव्हा काढावी. माझ्या मामेबहिणीची काढली आणि तिचा जीव वाचला. पण "का" विचारायचं, दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं आणि अंडाशय ठेवणार की काढणार हे आधी स्पष्ट करून घ्यायचं. पाळी सुरू असताना दोन्ही अंडाशय काढली की पाळी जाण्याचा सगळा त्रास एका दिवसात अंगावर येतो, तोही जास्त जोरानं. हे कितीजणींना सांगतात?

दुसऱ्या डॉक्टर मॅडमनी मला चाळीस मिनिटं दिली. थायरॉईड तपासलं, गर्भाशयाच्या अस्तराची तपासणी केली, गाठ साधी आणि लहान आहे हे समजावून दिलं. गर्भाशयात तांबीसारखंच एक साधन बसवलं, त्यातून अगदी थोडा हार्मोन सुटत राहतो. चार महिन्यांत अंगावरून जाणं आटोक्यात आलं. वर लोहाच्या गोळ्या. पिशवी माझ्याजवळ आहे.

झळांसाठी त्यांनी हार्मोनच्या उपचाराचं सुचवलं तेव्हा मी घाबरले. "कॅन्सर होतो ना त्यानं?" त्यांनी समजावलं: 2002 मध्ये अमेरिकेतला एक मोठा अभ्यास मधेच थांबवला गेला आणि ती भीती जगभर पसरली. पण त्यातल्या बायकांचं सरासरी वय 63 होतं. पुढच्या वर्षांत तीच माहिती पुन्हा तपासली गेली. ज्यांचं वय साठीच्या आत आहे किंवा पाळी जाऊन दहा वर्षं झालेली नाहीत, ज्यांना खरंच त्रास आहे आणि दुसरी अडचण नाही, त्यांच्यात बहुतेक वेळा फायदा जास्त दिसतो. स्तनाचा कॅन्सर झालेला असेल, रक्ताच्या गुठळ्या झालेल्या असतील, तर नाही. माझी मॅमोग्राफी झाली, रक्तदाब बघितला, मग सुरू केलं. मी हार्मोन घेते, हे इथे लिहायला मला संकोच नाही. तुम्ही घ्यावं की नाही ते तुमच्या डॉक्टरांना ठरवू द्या. पण त्यांना विचारा तरी.

आणखी एक, जे मैत्रिणीही एकमेकींना सांगत नाहीत. आत कोरडेपणा येतो, जवळीक नकोशी होते कारण दुखतं. खोकलं की दोन थेंब लघवी होते, म्हणून बायका लग्नाकार्याला जाणं टाळतात, प्रवासात पाणी पीत नाहीत, आणि तेही नागपूरच्या उन्हात. याला क्रीम आहे, ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम आहेत. हे मी नवऱ्याशी बोलले. लग्नाच्या पंचविसाव्या वर्षी पहिल्यांदा आम्ही दोघं असं बोललो. तो गप्प बसून ऐकत होता आणि मग म्हणाला, "मला वाटलं तुला मीच नकोसा झालो." दोन वर्षं तो हे मनात घेऊन शेजारी झोपत होता.

आता आईचं सांगते. ही पोस्ट मी खरं तर तिच्यासाठीच लिहायला घेतली.

1994 चा हिवाळा. आमचं घर नागपुरातल्या महाल भागात, जुन्या वाड्यात. मी बी.कॉम.ला होते. आई तेव्हा 47 ची. रात्री-अपरात्री ती उठायची, अंगणातल्या नळाखाली तांब्या भरून मानेवर ओतून घ्यायची आणि कपडे धुवायच्या दगडावर पदर सोडून बसून राहायची. थंडीच्या दिवसांत. आजी म्हणायची, हिला बाहेरचं काही झालंय. बाबा आम्हाला सांगायचे, "तिच्या वाटेला जाऊ नका, तिचं डोकं फिरलंय." एकदा भाकरी करपली म्हणून आजी काही बोलली, तर आईनं काठवट अंगणात भिरकावली. त्या दिवशी मी तिला म्हटलं, "तुझ्यामुळे या घरात राहावंसं वाटत नाही." आणि आठ दिवस बोलले नाही.

आमच्या घरात ती वर्षं "आईचा स्वभाव बिघडला तेव्हा" या नावानं ओळखली जातात. परवापरवापर्यंत आम्ही भावंडं तसंच म्हणायचो.

त्या डिसेंबरनंतरच्या संक्रांतीला मी तिच्याकडे गेले. ती परातीत तीळ निवडत बसली होती. मी विचारलं, "आई, तुझी पाळी कधी गेली गं?" तिनं आधी दाराकडे बघितलं. घरात आम्ही दोघीच होतो. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली होती, तरी तिनं दाराकडे बघितलं.

"अठ्ठेचाळिसाव्या वर्षी," ती म्हणाली. मग बराच वेळ तीळच निवडत राहिली. "मला वाटायचं, मी वेडी होऊन राहिले. अंगात आग लागायची. तुझ्या बाबांना काय सांगणार? अमरावतीला तुझ्या मावशीला पत्र लिहिलं, तिनं उत्तर पाठवलं, देवाचं नाव घेत जा."

"मला का नाही सांगितलं?"

"तुझं लग्न व्हायचं होतं ना, बेटा."

मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. ती काठवट, ते आठ दिवस, सगळ्याची माफी मागितली. तिला काठवट आठवतही नव्हती. दगड किती गार असायचा, ते आठवत होतं.

2011 मध्ये ती न्हाणीत घसरली आणि मनगट मोडलं. नुसती घसरली म्हणून मोडलं, असं आम्ही तेव्हा धरलं. आता कळतं की पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत हाडं सगळ्यात वेगानं विरळ होतात, आणि तिच्याकडे तेव्हा कुणीच लक्ष दिलं नव्हतं. मी माझी हाडांची डेक्सा तपासणी केली. हाडं किती भरीव आहेत ते सांगणारा आकडा, टी-स्कोअर, उणे 1.8. उणे 2.5 ला हाडं ठिसूळ धरतात, म्हणजे मी वाटेवर होते. अंबाझरीला रोज चालायचे, तेवढं पुरतं असं वाटायचं. चालणं चांगलंच आहे, पण हाडावर भार पडला, स्नायूंनी ओढलं, तरच हाड टिकतं. म्हणून 49 व्या वर्षी प्रतापनगरातल्या एका जिममध्ये नाव घातलं. पहिल्या दिवशी हातात दोन किलो होते. आज मी जमिनीवरून 35 किलो उचलते. ते वर येतं तेव्हा पाठीत, पायांत जी ताकद जाणवते ती मला विसाव्या वर्षीही माहीत नव्हती. दोन वर्षांनी पुन्हा डेक्सा केली, आकडा खाली घसरलेला नाही.

खाण्यात फार उलथापालथ केली नाही. ज्वारीची भाकर, जवसाची आणि तिळाची चटणी, अंबाडीची भाजी हे घरात होतंच. दोन अंडी वाढली, वरणाची वाटी मोठी झाली. ड जीवनसत्त्व तपासून घेतलं, कमी निघालं. इतक्या उन्हाच्या गावात राहून! पण उन्हात आपण असतो कुठे, आणि असलो तरी स्कार्फनं डोळ्यांपर्यंत बांधलेल्या. केस रंगवणं सोडलं, ते मला छान दिसतं.

"वय म्हणजे नुसता आकडा" असं लोक म्हणतात ते मला पटत नाही. 51 ला माझे गुडघे 51 चे आहेत, झोप 51 ची आहे, आणि कुणाला काय वाटेल याची भीती गळून पडली तीही 51 ची आहे. हे वय मला हवं आहे, पूर्ण.

पाळी जाऊन वर्ष झाल्यावर एक डागही दिसला तर थांबू नका, त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा. तो परतलेला तरुणपणा नव्हे. बहुतेक वेळा साधं कारण निघतं, पण कॅन्सर नाही ना, हे बघावंच लागतं.

मी मुलीला सगळं सांगितलं, ती 22 ची आहे. मुलालाही सांगितलं, तो 17 चा. परवा मी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होते तर त्यानं काही न विचारता खिडकी उघडली आणि पोळ्या लाटायला बसला.

आई आता 78 ची आहे. खुर्चीचा हात धरून रोज दहा उठाबशा काढते, मोठ्यानं मोजत. मागच्या रविवारी मी गेले तर ती फोनवर होती, अमरावतीला, मावशीशी. मला बघून तिनं हातानंच बस म्हणून खूण केली आणि बोलत राहिली: "अगं, तुझी सून चिडचिड करते म्हणतेस, पण तिला रात्री घाम येऊन राहिला का ते विचारलं का तू? नाही ना? मग फोन दे तिच्याकडे. मी बोलते."