पहाटे पाचला कोण उठणार?

आज सकाळी आतेभावाचा फोन. वय 23, नुकतीच पुण्यात नोकरी लागलीय. "दादा, मुधोळ कुत्र्याचं पिल्लू ठरवलंय, शनिवारी आणायला चाललोय." म्हटलं, पुण्यात त्याला फिरवणार कोण? तर म्हणे, "सध्या सांगलीत आईजवळ ठेवतो. शनिवार-रविवार मी येतोयच की."

डोकंच फिरलं माझं. कारण माझ्या मुधोळ कुत्र्याला, चांद्याला, आईजवळ ठेवून बदलीच्या गावी निघताना हेच वाक्य मी बोललो होतो. वय 24.

कारवान म्हणा नाहीतर मुधोळ हाउंड म्हणा, आपल्याच भागातलं कुत्रं. 2005 साली पोस्टाच्या तिकिटावरही आलंय. मलाही त्याचा अभिमान होता, आजही आहे. पण ते शिकारीचं कुत्रं आहे रे! काही हललेलं दिसलं की पळत सुटणार. त्याला रोज मोकळं रान लागतं, साखळी नाही.

चांद्याला आणल्यावर सहा महिन्यांत माझी बदली झाली आणि गावभागातल्या आमच्या दोन खोल्यांत तो आईच्या गळ्यात पडला. एका पहाटे हरिपूर रोडला मांजर आडवं गेलं. पट्टा आईनं मनगटाला गुंडाळलेला. फरफटत गेली. मनगट मोडलं, तळव्याची सालटी निघाली. दीड महिना आमच्या घरात भाकरी झाली नाही.

आणि लोक मलाच विचारायचे, कुत्रं एवढं आडदांड कसं? चपला कुरतडतंय, रात्रभर रडतंय म्हणून तक्रारी. अहो, दिवसभर दाराकडे बघत बसलेलं जनावर दुसरं करणार काय? चूक त्याची नव्हती. आईची तर नव्हतीच.

मान्य, नोकरी सांभाळून दोन्ही वेळा कुत्रं पळवणारी पोरं आहेत. असतील. पण विशी-पंचविशीत आज सांगली, उद्या पुणे, परवा बंगळूर. आपली पहाट आपल्या हातात नसते, आणि कुत्रं दहा-बारा वर्षांचं असतं.

सकाळी फोनवर जरा जास्तच बोललो त्याला. जीव लावायची हौस आहे पोराला, ती वाईट कशी म्हणू?

चांद्या आता तासगावजवळ मामाच्या मळ्यात असतो. द्राक्षबागेच्या बांधावरून पळताना चारी पाय जमिनीवर दिसतच नाहीत. माझ्या गाडीचा आवाज अजून ओळखतो. निघालो की फाट्यापर्यंत मागं येतो आणि तिथंच उभा राहतो. मी आरशात बघायचं टाळतो.

बाळा, शनिवारी मुधोळ राहू दे. माझ्याबरोबर तासगावला चल. आत्यालाही घे. चांद्याचा पट्टा एकदा तिच्या हातात देऊन बघू.