कट्ट्यावर चहा पेटतो

रविवारी कट्ट्यावर नावं झाकून वेगवेगळे चहा चाखले, नंबर लावले. त्या झाकल्या कपांचा जो निकाल लागला, तो तात्यांना अजून मंजूर नाही. कट्ट्यावर टेकायच्या आधीच तोफ सुटली.

"दार्जिलिंग शेवटून पहिला? अहो, चहातली शॅम्पेन म्हणतात त्याला!"

"मग त्यात दूध कशाला ओतायला लावलंत?" अक्कांनी विचारलं.

"दूध सगळ्याच कपांत होतं!"

"तिथंच घोळ झाला. दार्जिलिंगचा जीव सुवासात. दूध पडलं की सुवास बुडाला. आसामच्या मोठ्या पानाच्या जातीत ताकद असते, तो दुधाला पुरून उरतो. केनियाचा सीटीसी, म्हणजे यंत्रात चिरडून दाणेदार केलेला चहा, तसाच, वर रंग लालभडक. दोघांना दूध द्या, दार्जिलिंग आणि सिलोनचा उंचावरचा चहा कोराच चाखा, मग नंबर लावा."

माझं मत अगदी हेच आहे. एकाच कपात सगळ्यांना तोलणं हा चहावर अन्याय आहे.

बंड्यानं काडी टाकली. "पण पहिला आला तो सीटीसी डस्ट. डस्ट म्हणजे शेवटी झाडून काढलेला भुगाच ना?"

अक्का उसळल्याच. "कुणी सांगितलं? चहा चाळताना वर मोठं पान राहतं, मग ब्रोकन, मग फॅनिंग्ज, तळाला डस्ट. हा आकार झाला. दर्जा बागेवर, खुडणीवर आणि कारखान्यातल्या हातावर ठरतो. वाईट पाला लांब राहिला म्हणून चांगला होतो का? बारीक कण पाण्यात भराभर उतरतो, म्हणून दोन मिनिटांत कडक. अख्ख्या पानाला तेवढीच दोन मिनिटं दिलीत आणि वर त्यालाच फिक्का म्हणालात."

"पूर्वी असले दाणे नव्हते," तात्यांनी उसासा टाकला. "पान हळुवार वळायचे लोक."

"पूर्वी म्हणजे कधी? सीटीसीचं यंत्र 1930च्या सुमाराचं, आसामातलंच. तुमच्या जन्माआधीपासून दाणे आहेत, तात्या."

मास्तरांनी घसा साफ केला. तुलना करायचीच तर जगानं ठरवलेली रीत आहे म्हणाले, आयएसओ 3103, सन 1980. 100 मिलिलिटरला 2 ग्रॅम चहा, उकळतं पाणी, झाकण घालून 6 मिनिटं.

"6 मिनिटं! जहर होईल!" बंड्या.

"होऊ दे ना," अक्का म्हणाल्या. "ती रीत पिण्यासाठी नाही, फरक उघडा पाडण्यासाठी आहे. सगळ्यांना सारखंच छळायचं, मग कोण नुसता कडू आणि कोण भरदार, ते कळतं. आपण तर चमचे मोजले. चमचाभर दाणे आणि चमचाभर लांब पान वजनात सारखं भरतं होय? आणि पाणी? जड पाण्यात कुठलाही चहा मंद लागतो, वर तवंग धरतो. आधी पाणी बघा, मग पुड्यावरचं नाव."

पाण्यावरून किटली निघणारच होती. तात्यांची किटली बंड्यानं नेली, ती आतून पांढरा थर धरून परत आली, आणि नंतर पुन्हा नेली ती आलेलीच नाही.

"तो थर तुमच्याच काळातला होता!"

"माझ्या काळात तिच्यात तोंड दिसायचं!"

"म्हणूनच मी लवकर झाकण लावायचो."

हशा ओसरल्यावर अक्कांनी रविवारचा कागद काढला. झाकलेल्या एका कपापुढे तात्यांच्या हातचा शेरा होता : 'कळकट, सुवास शून्य.' तो कप तात्यांच्याच लाडक्या डब्यातला. तात्या कागद उलटा करून पाहत राहिले.

"दूध नंतर पडलं असणार," त्यांनी नवीनच बाजू मांडली. "आधी दूध की आधी चहा, हे मला एका घोटात कळतं."

मास्तरांचे डोळे चमकले. मुरिएल ब्रिस्टल या शास्त्रज्ञ बाईंनी असाच दावा केला होता, आणि संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी त्यावरूनच प्रयोग कसा मांडायचा ते समजावलं. 8 कप, चार असे, चार तसे, सरमिसळ करून. नुसत्या नशिबानं आठही बरोबर यायची शक्यता 70 मध्ये 1.

"मांडा! मी तयार आहे!"

"कप माझे, पाणी माझं, वजनकाटा मास्तरांचा," अक्का म्हणाल्या. "तात्या, तुम्ही फक्त जीभ आणा."

"ती ते कधीच घरी विसरत नाहीत," बंड्या पुटपुटला, आणि मास्तरांसकट सगळा कट्टा फुटला.

"हसा! पण आधी माझी किटली!"