आतल्याला कोण विचारलं?

लॅपटॉप नुसता धूळ काढायला दिला होता. दुकानातल्या पोरानं पासवर्डच बदलून दिला. "सर, तुमचा फोन लागला नाही. रिकव्हरीत जाऊन नवीन टाकून दिलोय. एक दोन तीन चार." फोन माझ्या खिशात होता आणि चालू होता. असो.

तेव्हापासून लॅपटॉप सुरू करून क्रोम उघडलं की एक चौकट येते. म्हणते, तुमचा लॉगिनचा पासवर्ड आता लॉगिन कीरिंगच्या पासवर्डशी जुळत नाही. उबुंटू, म्हणजे माझ्या लॅपटॉपची ऑपरेटिंग सिस्टिम, आपले साठवलेले पासवर्ड या कीरिंगमध्ये कुलूपबंद ठेवते. जुना पासवर्ड घातला की ती उघडते. पुढच्या लॉगिनला पुन्हा तीच चौकट.

नेमके तेव्हाच वरच्या मजल्यावरचे अण्णा खानापूरकडच्या शेताची पहाणी काढायला आले. (पहाणी म्हणजे आमच्याकडचा सातबारा.)

"काय मागतंय ओ ते?"

"पासवर्ड."

"आत्ता घातलासा की."

"तो बाहेरचा. हा आतला. दुकानदारानं बाहेरचा बदलला, आतल्याला सांगितलंच नाही."

अण्णा खुर्ची पुढे ओढून बसले. "म्हणजे छप्पन सालासारखं की ओ, मास्तर! आपलं बेळगाव मुंबई राज्यातनं उचलले आणि म्हैसूरात टाकले. वरचा पासवर्ड बदलला. आतल्याला कोण विचारलं? आतला अजून जुनाच मागतोय!"

मग सीमावादावरचा महाजन आयोग झाला, १ नोव्हेंबरचा काळा दिन झाला, २००४ पासून सुप्रीम कोर्टात पडून असलेला दावा झाला. चहा निवला. चौकट हलली नाही.

मी जुना पासवर्ड घालायला लागलो. टिंबं दिसतात म्हणून मी निर्धास्त, पण अण्णांचे डोळे माझ्या बोटांवर. "के... यू... एन... डी... ए. कुंदा! मास्तर, कुंदा कोण ओ?"

स्वयंपाकघरातलं भांड्यांचं वाजणं थांबलं.

"अहो, आपल्या बेळगावचा कुंदा! मिठाई!" मी आतपर्यंत ऐकू जाईल असं ओरडलो.

"साखर बंद आहे तुमची," आतून आवाज आला.

दुकानाला फोन केला होता तर पोरगं म्हणालं, कीरिंगची फाईल डिलीट करा, नाहीतर तिचा पासवर्ड रिकामा ठेवा. फाईल उडवली की साठवलेले सगळे पासवर्ड जाणार. रिकामा ठेवला की ते कुलपाशिवाय पडणार. म्हणजे माझं नुकसान दोन प्रकारात उपलब्ध! सेटिंग्जमधून मी स्वतः बदलला असता तर कीरिंगचाही सोबत बदलला असता. रिकव्हरीतून परस्पर बदलला की तिला पत्ता लागत नाही. धूळ काढायला दिलेल्या माणसाला हे ठाऊक नसावं? आणि बिलात त्यानं लिहिलं, 'सॉफ्टवेअर काम'.

शेवटी 'पासवर्ड्स अँड कीज' उघडलं, लॉगिनवर उजवी क्लिक, चेंज पासवर्ड, आधी जुना, मग लॉगिनचा नवा. झालं. एवढंच होतं.

पहाणी निघाली ती अर्थातच कन्नडमध्ये. अण्णांनी चष्मा लावून ती वाचली, आपल्या आजोबांच्या नावात चूक काढली आणि साइटवर न चिडता माझ्यावर चिडले. जाताना जिन्यात कुणीतरी भेटलं असावं.

"मास्तरांचं कुंदाचं मिटलं बघा," अण्णा सांगत होते.