शाईवर पाणी टाकू नका, डावखुऱ्या रेषांवरून लिओनार्दो ठरवू नका

‘बायबलमधल्या प्रसंगाचं निनावी रेखाटन कुणाचं, घरीच ओळखा’ असा मेसेज फिरतोय. शाई पाण्याने पसरली नाही तर ती पाचशे वर्षांची, डावखुऱ्या रेषा दिसल्या तर लिओनार्दो दा विंची, सही सापडली की प्रश्न मिटला, कार्बन चाचणीत कागद जुना निघाला की चित्र अस्सल. माझी एक विद्यार्थिनी हे वाचून पाण्याची वाटी घेऊन बसली होती. आता बस झालं.

आधी पाणी. तेव्हाची शाई बरेचदा मायफळ आणि हिराकस (लोहाचा क्षार) यांची असे. आज ती तपकिरी दिसते, आम्लामुळे रेषेखालचा कागद ठिसूळ झालेला असतो. थेंब पडला की शाईतलं सुटं लोह पाण्याबरोबर भोवती पसरतं, तपकिरी कडं उमटतं आणि पुढे तिथेच कागद तडकतो. शिवाय चाचणीच उलटी आहे: काजळीचा जुना वॉश (पातळ शाईचा हात) पाण्याने सुटू शकतो, उलट आजची वॉटरप्रूफ शाई ढिम्म हलत नाही.

डावखुऱ्या रेषा. लिओनार्दोच्या छायारेषा वरून डावीकडून खाली उजवीकडे उतरतात, हे खरं. पण त्याच शतकातला इटालियन शिल्पकार रफाएल्लो दा मोंतेलुपोही डावखुरा होता. त्यात खडूच्या चित्रावर ओलसर कागद दाबून उलटा ठसा घेत, म्हणजे उजव्या हाताच्या रेषाही डावखुऱ्या दिसतात. अशा ठशात रेषा फिकट आणि सपाट असतात, खडू दाबल्याची खाच नसते. येशू डाव्या हाताने आशीर्वाद देतोय, सैनिकांच्या तलवारी डाव्या हातात आहेत, असं दिसलं तर आधी हाच संशय घ्या.

सही तर कुणीही नंतर घालतो. इटालियन खोदचित्रकार मार्कांतोनिओ रायमोंदीने जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूररच्या मेरीच्या चित्रमालिकेची नक्कल करताना त्याचं ‘एडी’ हे आद्याक्षरांचं चिन्हसुद्धा उतरवलं होतं.

मेसेजमध्ये दाखला आहे तो मॅसॅच्युसेट्समध्ये २०१६ साली ३० डॉलरला मिळालेल्या मेरी आणि बाळ येशूच्या रेखाटनाचा. त्यावरही ‘एडी’ होतं, पण तेवढ्याने भागलं नाही. कागदात त्रिशूळ आणि वर्तुळाचा वॉटरमार्क सापडला, तो ड्यूररच्या इतर अनेक कागदांवर आहे. तरीही रेषेचा हात तज्ज्ञांना तपासावाच लागला, कारण वॉटरमार्क कागदाची ओळख देतो, चित्रकाराची नाही.

कार्बन चाचणीला कागदाचा तुकडा कापावा लागतो, उत्तर कित्येक दशकांच्या टप्प्यात येतं आणि जुना कोरा कागद आजही मिळतो. चित्र जुनं नाही एवढं मात्र त्याने सिद्ध होऊ शकतं, हे मान्य.

करायचंच असेल तर टॉर्च कागदाच्या पातळीत आडवा धरा, खाचा दिसतील. मागून थंड एलईडीचा उजेड टाका, वॉटरमार्क दिसेल. दोन्ही बाजूंचे फोटो पट्टी ठेवून काढा. माउंटवर (मागच्या पुठ्ठ्यावर) चिकटवलेलं असेल तर सोडवू नका.