टू व्हीलरची टेस्ट बंद झालेली नाही, आणि ती नुसती फॉर्मॅलिटीपण नाही

कॉलनीच्या ग्रुपवर तो मेसेज परत आलाय. थोडक्यात त्यात असं लिहिलंय की 1 जून 2024 पासून आरटीओत टेस्ट द्यावी लागत नाही, कुठल्याही ड्रायव्हिंग स्कूलचं सर्टिफिकेट चालतं, टू व्हीलरची टेस्ट तशीही फॉर्मॅलिटीच, गाडी फिरवत जमिनीवर आठचा आकडा काढला की झालं आणि नाही आला तरी एजंट बघून घेतो, सोळा वर्षांच्या पोरांना बिनगियरची गाडी चालते, आणि लर्निंग लायसन्स हातात असलं की कुणी अडवत नाही. मी गेली चार वर्षं रविवारी सकाळी शाळेच्या मैदानावर आमच्या इथल्या बायकांना, कॉलेजच्या मुलींना गाडी शिकवते, पैसे घेत नाही. हा मेसेज वाचून माझ्याकडच्या दोघींनी टेस्टचा स्लॉट घ्यायचाच थांबवला आणि त्यातल्या एकीच्या लर्निंगच्या मुदतीचे सहापैकी साडेचार महिने संपले पण, म्हणून बसून सगळं लिहितेय.

आधी ते 1 जूनचं. 2024 च्या मे महिन्यात ही बातमी पेपरात, टीव्हीवर सगळीकडे फिरली होती आणि केंद्राच्या रस्ते वाहतूक खात्याने तेव्हाच खुलासा केला की 1 जूनपासून काहीही बदलत नाहीये. मूळ गोष्ट 2021 ची आहे. जून 2021 मध्ये मान्यताप्राप्त ड्रायव्हर ट्रेनिंग सेंटरचे नियम आले, 1 जुलै 2021 पासून लागू झाले. अशा सेंटरला नुसत्या टू व्हीलर आणि कारसाठी सुद्धा निदान एक एकर जागा लागते, सिम्युलेटर लागतो, ट्रॅक लागतो, आणि तिथला कोर्स करून तिथलीच टेस्ट पास झालात तर फॉर्म 5बी मिळतो, त्यावर आरटीओतली टेस्ट माफ होते. लायसन्स मात्र तरीही आरटीओच देतं. आपल्या चौकातलं एका गाळ्यातलं ड्रायव्हिंग स्कूल देतं तो फॉर्म 5, त्यावर टेस्ट माफ होत नाही. पाच आणि पाच बी, एवढ्या एका अक्षरावर अख्खा मेसेज उभा आहे.

आता फॉर्मॅलिटीचं. हे वाक्य मला सगळ्यात जास्त लागतं. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989, त्यातला नियम 15 काढून वाचा, टेस्टमध्ये काय बघायचं याची लांबलचक यादी आहे. आरसा नीट लावता येतो का, निघायच्या आधी काळजी घेतली का, चढावर थांबून गाडी मागे न घसरवता परत निघता येतं का, वेळेवर हात किंवा इंडिकेटर दाखवला का, पायी चालणाऱ्यांच्या पट्ट्याशी नीट वागलात का, वळायच्या आधी आरशात बघितलं का. त्यातलं रिव्हर्सचं तेवढं मोटरसायकलला नाही, बाकी जवळजवळ सगळं आपल्याला लागू आहे. आणि गंमत म्हणजे त्या यादीत आठ हा आकडाच नाही! आठ ही गाडी ताब्यात आहे का बघायची पद्धत आहे. म्हणजे आठ काढला की झालं हे नियमाने पण खरं नाही.

काही ठिकाणी दोन मिनिटांत टेस्ट उरकतात हे मीही बघितलंय, खोटं कशाला बोलू. पण ते काम नीट होत नाही एवढंच त्यातून निघतं, टेस्टची गरज नाही हे कुठून निघालं? 2022 साली देशात रस्त्यावर 1,68,491 माणसं गेली, त्यातली 74,897 दुचाकीवरची होती. हेल्मेट न घातलेली 50,029, आणि त्यात मागे बसलेले चौदा हजारांवर. जवळजवळ निम्मी माणसं ज्या गाडीवर जातात तिच्याच टेस्टला आपण फॉर्मॅलिटी म्हणायचं?

आठचं सांगते. शेजारच्या काकू, वय 46, अंगणवाडी सेविका, स्कूटर घेतली कारण दोन गावं सांभाळायची असतात आणि एसटीचा भरवसा नाही. तालुक्याला आरटीओचा कॅम्प लागतो तिथे त्यांची टेस्ट होती. पहिला गोल बरा गेला, दुसऱ्या गोलात त्यांची नजर पुढच्या चाकावर गेली, हँडल डगमगलं आणि डावा पाय टेकला. साहेबांनी शांतपणे सांगितलं, सात दिवसांनी या. काकू गेटपर्यंत काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या की अगं पोरं बघत होती सगळी. तिथेच चहाच्या टपरीवर एकाने 3,500 रुपये सांगितले, पुढच्या वेळी पाय टेकला तरी चालेल म्हणाला. काकूंनी पर्स उघडली होती, मी हात धरला.

मग आठवडाभर रोज सकाळी मैदानावर फक्की टाकून आठ आखला. नजर चाकावर नाही, वळणाच्या पलीकडे जिथे जायचंय तिथे, मान पूर्ण वळवायची. एक्सलेटर एकसारखा ठेवायचा, कमीजास्त करायचा नाही, वेग फक्त डाव्या हाताच्या म्हणजे मागच्या ब्रेकने हलकाच धरून सांभाळायचा. हँडल वळलेलं असताना उजवा ब्रेक दाबला की गाडी त्याच बाजूला पडते, हे काकूंनी दोनदा पडून शिकून घेतलं. गियरची गाडी असेल तर डाव्या हाताला क्लच असतो, मग पहिल्या गियरमध्ये तो अर्धा धरून आणि उजव्या पायाच्या मागच्या ब्रेकने हेच करायचं. चौथ्या दिवशी पाय टेकायचा बंद झाला. दुसऱ्या टेस्टला आठ काढून झाल्यावर साहेबांनी रस्त्याकडे वळून यायला सांगितलं तर वळायच्या आधी काकूंनी आरशात बघितलं, इंडिकेटर दिला, आणि पास झाल्या. आज त्याच काकू उसाच्या ट्रॉलीमागे अगदी सावकाश, पाय न टेकवता, हॉर्न न वाजवता गाडी चालवतात. ते 3,500 दिले असते तर कार्ड घरी आलं असतं पण ट्रॉलीमागे त्यांचं काय झालं असतं, हे मला विचार करवत नाही.

आणि खर्च किती आहे ते तरी बघा. केंद्राच्या नियमाप्रमाणे लर्निंगचे 150, त्याच्या परीक्षेचे 50, पक्क्याच्या टेस्टचे 300, लायसन्सचे 200, कार्डाचे आणि वरचे किरकोळ वेगळे. लर्निंग तर आपल्याकडे 2021 पासून आधारवर घरबसल्या निघतं. नापास झालात तर सात दिवसांनी परत, तीनदा नापास झालात तर 60 दिवस थांबायचं. नापास होण्यात लाज कसली?

सोळा वर्षांचा मुद्दा मात्र आईबापांनी नीट वाचा. कायद्यात सोळाव्या वर्षी परवानगी आहे ती 50 सीसीपर्यंतच्याच गाडीला. हे लुनाच्या जमान्यातलं आहे, 1972 साली आलेली लुना 50 सीसीची होती. आज घरोघरी आहेत त्या स्कूटर 110, 125 सीसीच्या. म्हणजे गियर नाही म्हणून सोळाव्या वर्षी ॲक्टिव्हा चालते हे साफ चूक आहे, पोराकडे बिनगियरचं लायसन्स असलं तरी चूक. आणि पकडलं गेलं तर 2019 च्या दुरुस्तीत आलेलं कलम 199ए लागतं, पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, पोराला 25 वर्षांचा होईपर्यंत लायसन्स नाही. यातून सूट आहे ती त्याच्या लायसन्समध्ये बसणारी गाडी तो चालवत असेल तरच, आणि 110 सीसी त्यात बसत नाही. अपघातात दुसऱ्याला लागलं तर विमा कंपनी आधी त्याला भरपाई देईल आणि मग मालकाकडून वसूल करू शकेल, सुप्रीम कोर्टाचा 2004 चा स्वरण सिंग निकाल तेच सांगतो. क्लासला सोडायला वेळ नाही म्हणून चावी देणाऱ्या आया माझ्याच ओळखीत आहेत, त्यांना मी हे तोंडावर सांगितलंय, काहीजणी अजून बोलत नाहीत माझ्याशी.

इलेक्ट्रिक गाडीला लायसन्स लागत नाही असंही कुणीतरी त्या मेसेजखाली लिहिलंय. 250 वॉटच्या आतली आणि ताशी 25 च्या वर न जाणारी असेल तरच लागत नाही. रस्त्यावर पन्नास-साठने पळणाऱ्या सगळ्या इलेक्ट्रिक स्कूटरना लागतं.

राहिलं लर्निंग. पुढे मागे पांढऱ्यावर लाल एल लावायचा, आणि मागे बसवायचं ते फक्त लायसन्स असलेल्या शिकवणाऱ्याला, मैत्रिणीला नाही, पोराला शाळेत सोडायलाही नाही. निघाल्यापासून 30 दिवसांनी टेस्ट देता येते आणि सहा महिन्यांत ते संपतं. संपलं की तुम्ही विनालायसन्सच, दंड 5,000. आणि विम्यात मालक चालकाचं जे 15 लाखांचं अपघात कव्हर असतं त्यालाही वैध लायसन्सची अट आहे, घरच्यांना त्या वेळी धावाधाव करायला लावू नका.

अजून एक, मला नेहमी विचारतात म्हणून. गियरच्या गाडीवर टेस्ट पास झालात तर बिनगियरचंही पास धरतात, उलटं होत नाही. नवऱ्याची बाईक कधी चालवावी लागणार असेल तर आत्ताच गियरचं लर्निंग काढा. टेस्टला नेताना गाडीचं आरसी, इन्शुरन्स, पीयूसी बरोबर ठेवा आणि हेल्मेट घालूनच जा.

त्या दोघींशी काल बोलले, साडेचार महिने संपलेलीने रात्रीच स्लॉट घेतला, पुढच्या गुरुवारचा मिळालाय. दुसरी रविवारी येतेय. ज्यांना यायचंय त्यांनी सात वाजता मैदानावर या, फक्की मी आणते.