१७० अंशांचा आकडा पीव्हीडीएफ फिल्मला लागू पडत नाही

पीव्हीडीएफ, म्हणजे पॉलिव्हिनिलिडीन फ्लोराइड या प्लॅस्टिकच्या फेरोइलेक्ट्रिक (कायम विद्युतध्रुवीकरण असलेल्या, ते विद्युतक्षेत्राने फिरवता येणाऱ्या) आणि सेन्सरमध्ये वापरल्या जाणाऱ्या फिल्मबद्दल एक मजकूर सारखा पुढे पाठवला जातो. त्याचा गोषवारा असा: फिल्म १७० अंश सेल्सियसच्या आसपास वितळते, तेव्हा १५० पर्यंत खुशाल वापरा, तापून सिग्नल गेलाच तर थंड झाल्यावर परत येतो, प्लॅस्टिकच ते, कुठल्याही बाजूने कसेही वाकवा, आणि ती फक्त दाबाला वीज देते. वितळणबिंदूचा आकडा बरोबर आहे. त्यावरून काढलेले बाकी सगळे चुकीचे आहे, कारण ही फिल्म ताणून बनवतात ही मुख्य गोष्टच त्या मजकुरात नाही.

आधी १५० अंशांचे बघू. वितळलेले पीव्हीडीएफ नुसते थंड केले तर त्याच्या रेणूंच्या साखळ्या वळणावळणाने बसतात आणि शेजारच्या साखळ्यांचे द्विध्रुव (एक टोक धन, दुसरे ऋण अशा जोड्या) एकमेकांना रद्द करतात. तीच फिल्म ८० ते १०० अंशांच्या आसपास ओढून चार-पाचपट लांब केली की साखळ्या सरळ होतात, फ्लोरीन एका बाजूला आणि हायड्रोजन दुसऱ्या बाजूला येतात. मग जबर विद्युतक्षेत्र लावून सगळे द्विध्रुव एका दिशेला वळवतात. १९६९ मध्ये जपानच्या हेइजी कावाई यांनी दाखवलेला मोठा दाबविद्युत परिणाम (दाबल्यावर किंवा खेचल्यावर वीज निघणे) अशाच ताणलेल्या आणि ध्रुवीकृत फिल्मचा होता.

पण फिल्मचा जवळपास अर्धाच भाग स्फटिकी असतो. उरलेला अस्फटिकी भाग उणे ४० अंशांच्या वर रबरासारखा मऊ असतो, आणि त्यात ओढून ठेवलेल्या साखळ्या आखडायची संधीच शोधत असतात. उष्णता ती संधी देते. स्फटिक वितळायला १७० अंश लागतील, पण फिल्म त्याच्या कितीतरी आधी ताणलेल्या दिशेने आकसू लागते आणि ध्रुवीकरण उतरू लागते. म्हणूनच एका दिशेने ताणलेल्या साध्या फिल्मसाठी वापराची मर्यादा साधारण ८० अंश धरतात. मी स्वतः एकदा इलेक्ट्रोडची चांदीची पेस्ट लवकर वाळावी म्हणून अशी फिल्म १२० अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवली होती. बाहेर काढली तेव्हा कडा वळून तिची नळी झाली होती आणि इलेक्ट्रोडला चिरा गेल्या होत्या. वितळलेली मात्र ती कुठेच नव्हती.

थंड झाल्यावर सिग्नल परत येतो, हेही खरे नाही. विस्कटलेले द्विध्रुव आपणहून रांगेत येत नाहीत. त्यांना वळवायला दर मायक्रोमीटरला सुमारे ५० व्होल्ट लागतात. म्हणजे २८ मायक्रोमीटर जाडीच्या फिल्मला १,४०० व्होल्टच्या वर जावे लागेल. एवढे करूनही आखडलेल्या साखळ्या पुन्हा ताणल्या जात नाहीतच. यावर उपाय आहे, पण तो आधी करायचा असतो: फिल्म चौकटीत घट्ट धरून वापराच्या तापमानापेक्षा जास्त तापवायची आणि थोडी संवेदनशीलता गमवायची. त्यानंतर ती त्या तापमानापर्यंत बरीच स्थिर राहते. ट्रायफ्लोरोएथिलीनसोबतच्या सहबहुवारिकात (दोन्हींचे घटक एकाच साखळीत असलेल्या प्लॅस्टिकात) तर वितळण्याआधीच क्युरी तापमान येते. ७०:३० प्रमाणात ते १०० अंशांच्या जवळपास असते, आणि ते ओलांडले की फेरोइलेक्ट्रिकपणाच जातो.

कुठल्याही बाजूने वाकवण्याबद्दल थोडक्यात. एका दिशेने ताणलेली फिल्म दोन दिशांना दोन वेगळी द्रव्ये असल्यासारखी वागते. ताणाच्या दिशेने खेचल्यावर मिळणारा विद्युतभार आडव्या दिशेच्या कित्येक पट असतो, आणि चीर पडलीच तर ती ताणाच्या रेषेने सरळ धावते. चुकीच्या दिशेने कापलेला तुकडा चिकटवून ‘सेन्सर खराब आहे’ म्हणणाऱ्यांना हे आधी कुणी सांगितलेले नसते, याचे मला फार वाईट वाटते.

सगळ्यात घातक विधान शेवटचे आहे. फिल्म तापमानातील बदलालाही वीज देते, आणि थोडीथोडकी नाही. दर चौरस मीटरला, दर अंशाला २५ ते ३० मायक्रोकुलोम. म्हणजे १ चौरस सेंटिमीटर फिल्म १ अंशाने तापली की सुमारे २.५ नॅनोकुलोम, म्हणजे २,५०० पिकोकुलोम भार निघतो. तिच्या पृष्ठावर लंब दिशेने १ न्यूटन बल दिले तर मिळतात जेमतेम ३० पिकोकुलोम. हिशेब करा: एका अंशाचा बदल ८० न्यूटनच्या दाबाइतका भार देतो! बोट टेकवून ‘दाब मोजला’ म्हणताना बोटाची ऊबही मोजली जात असते. याचेही बरेचसे कारण यांत्रिकच आहे, तापलेली फिल्म प्रसरण पावते आणि तिची जाडी बदलते. म्हणून मंद बदलणारा दाब मोजायचा असेल तर शेजारी त्याच जातीचा, पण दाब न पडणारा तुकडा लावून त्याचा सिग्नल वजा करावा लागतो.

प्लूटोकडे गेलेल्या नासाच्या न्यू होरायझन्स यानावर विद्यार्थ्यांनी बनवलेला धूलिमापक आहे; त्यात पीव्हीडीएफच्याच फिल्म आहेत आणि त्यांतल्या दोन मुद्दाम धुळीपासून झाकून ठेवल्या आहेत. धूळ आदळली नसतानाही फिल्म काय काय बोलते, हे त्या दोघींकडून कळते.